निरोपाला कुंपण कशाला?

पत्र कोणत्याही गावच्या पेटीत टाका, ते देशातल्या कोणत्याही पत्त्यावर पोहोचते. ईमेलचेही तसेच. आपला पत्ता एका कंपनीचा, मित्राचा दुसऱ्या. तरी निरोप अडत नाही. मग मोबाईलवरच्या चॅटलाच हे का जमू नये?

एके काळी ते जमत होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जेरेमी मिलर या अमेरिकन प्रोग्रामरने १९९९ मध्ये ‘जॅबर’ जाहीर केले. त्यातून ‘एक्सएमपीपी’ ही निरोपांची खुली नियमावली घडली. ती कोणाच्या मालकीची नव्हती. ज्याला हवा त्याने आपला सर्व्हर उभारावा आणि इतरांच्या सर्व्हरशी जोडावा. २००५ मध्ये निघालेल्या गूगल टॉकने २००६ च्या जानेवारीत अशा बाहेरच्या सर्व्हरांना दार उघडले. पुढे २०१३ च्या आरंभी मात्र बाहेरून येणारी ओळखीची निमंत्रणे गूगलने अडवली. कारण दिले स्पॅमचे. त्याच वर्षी हँगआउट्स आले, त्यात ही जोडणी ठेवलीच नाही.

स्पॅमचा उपद्रव खोटा नाही. दार उघडे असले की फसवे लोकही येणारच. पण दार लावून ते थांबले काय? व्हॉट्सॲप तर बंदिस्तच. तरीही २०२१ च्या आयटी नियमांनुसार त्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालांत भारतातील बंद केलेल्या खात्यांचा आकडा महिन्याला लाखांच्या घरात दिसतो. म्हणजे कुंपण झाले, चोर आतच राहिले! उलट ईमेलने कुंपण न घालता पाठवणाऱ्याची खातरजमा, चाळणी आणि वाईट सर्व्हरवर बंदी हे उपाय योजले. स्पॅम संपला नाही, पण ईमेल सर्वांचे राहिले.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. आज परीक्षेच्या अर्जाची तारीख, शिष्यवृत्तीची मुदत एकाच कंपनीच्या ग्रुपवर कळते. ज्याच्याजवळ ते ॲप नाही, तो विद्यार्थी वर्गात असूनही वर्गाबाहेर राहतो. सार्वजनिक सूचनेची किल्ली खासगी कंपनीच्या खिशात असावी काय?

युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲप व मेसेंजर यांच्यावर, मागणी करणाऱ्या इतर सेवांशी जोडणी देण्याचे बंधन घातले. आपल्याकडेही तशी मागणी व्हायला हवी. तोवर निदान महाविद्यालयाची प्रत्येक सूचना फलकावर आणि ईमेलनेही यावी, एवढे तर आपल्या हातात आहे.