होकारामागचे भय

कुणाचेही मन न मोडणारी, कधीही 'नाही' न म्हणणारी व्यक्ती आपल्या समाजात गुणी मानली जाते. सून असेल तर सोशिक, नोकर असेल तर इमानी, कार्यकर्ता असेल तर शिस्तीचा, अशी विशेषणे तिला सहज लाभतात. या गुणाच्या मुळाशी पुष्कळदा भय असते, हे मात्र आपण पाहायचे टाळतो. समतेचा विचार मांडणाऱ्या चळवळीला तरी हे टाळणे परवडणारे नाही.

संकट समोर आले की प्राणी लढतो किंवा पळतो, असे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी गेल्या शतकाच्या आरंभी मांडले. पुढील अभ्यासकांनी थिजून जाण्याची प्रतिक्रिया त्यात मिळवली. ज्याच्यापासून धोका आहे त्याचीच मर्जी सांभाळणे ही चौथी प्रतिक्रिया पीट वॉकर या अमेरिकन मानसोपचारकांनी पुढे आणली. मारकुट्या बापाच्या घरात वाढणारे मूल लढू शकत नाही आणि पळूही शकत नाही. बापाच्या पावलांच्या आवाजावरून ते त्याचा राग ओळखू लागते, मागण्यापूर्वीच पाणी आणून देते, स्वतःचे रडू गिळते. त्या वयात ही युक्ती त्याला वाचवते. पुढे बाप राहत नाही, पण सवय राहते. नवरा, मुकादम, साहेब, पुढारी यांपैकी कुणीही समोर आले की तेच मूल आत जागे होते, आणि आपल्याला स्वतःला काय हवे आहे, हेच त्या माणसाला उमगेनासे होते.

अशा भयग्रस्त शरणागतीला संमती समजण्याची चूक किती घोर असते, हे विदर्भाने पाहिले आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निकाल फिरवला आणि भयापोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे स्पष्ट केले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असे सांगत आरोपींना मुक्त केले. त्याविरुद्ध देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानता येणार नाही, हे तर २०१३ साली कायद्यातच लिहिले गेले. मानसशास्त्र आज जे सांगते, ते नागपूरच्या न्यायासनावरून फार पूर्वी उच्चारले गेले होते.

न्यायालयाबाहेरच्या आयुष्यात मात्र ही जाण अजून उतरलेली नाही. दक्षिण नागपुरात हुडकेश्वरसारखा भाग लेआउटांनी भराभर वाढला. अशा वस्तीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई जास्तीच्या कामालाही 'हो ताई' म्हणते, तेव्हा मालकीण तिला स्वभावाने गोड समजते. त्या गोडव्यात उद्या काम सुटण्याची धास्ती आणि घरी गेल्यावर होऊ शकणाऱ्या मारहाणीची आठवण किती आहे, याचा हिशेब कुणी करत नाही.

यावर उपचार आहे. भय न वाटता बोलता येईल असा एक माणूस समोर बसतो आणि नियमाने, धीराने ऐकतो. कुणाचा आवाज चढताच आपला श्वास का अडकतो, हात का थरथरतात, याचा माग घ्यायला तो मदत करतो. जुन्या जखमेला नाव मिळते. मग लहानसहान नकारांचा सराव होतो, आणि नकार दिल्यावरही जग कोसळत नाही, हा अनुभव हळूहळू शरीरात मुरतो. या उपचाराला श्रीमंतांचे चोचले म्हणून हिणवणाऱ्या आपल्यातील काही मित्रांनी हे लक्षात घ्यावे की, मार सर्वाधिक ज्यांनी खाल्ला त्यांनाच त्याची गरज सर्वाधिक आहे.

पण तो मिळतो कुणाला? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. २०२२ मध्ये 'टेलिमानस'ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिची माहिती वस्तीवस्तीत पोचवणे हे आपले काम आहे. तथापि हुडकेश्वरच्या कष्टकरी बाईने शहराच्या दुसऱ्या टोकाला, मानकापूरच्या मनोरुग्णालयापर्यंत, रोजगार बुडवून आणि 'वेडी' हा शिक्का पत्करून जावे, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. समुपदेशक वस्तीच्या दवाखान्यात बसला पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे.

आणि केवळ उपचारही पुरा पडणार नाही. ज्या घरात मार आजही चालू आहे, जिथे एका नकाराने चूल विझते, तिथे एकटीला 'नाही' म्हणायला शिकवून पाठवणे म्हणजे तिला निःशस्त्र रणात लोटणे होय. तिच्या नकाराला संघटनेचा आधार लागतो. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित महिला परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, पत्नीने पतीची मैत्रीण आणि समान म्हणून उभे राहावे, दासी होण्याचे नाकारावे, असे सांगितले. हजारो स्त्रिया एकत्र बसून ते ऐकत होत्या, हे महत्त्वाचे. पुढे याच शहरात विदर्भ मोलकरीण संघटनेने रूपाताई कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली घरकामगार बायांना एकत्र आणले. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो अशाच संघटित आवाजामुळे.

शेवटी थोडे आपल्या घरातले. आपल्या शाखांतही मान डोलावणारे साथी आहेत. पुढाऱ्याचा सूर चढला की ते गप्प होतात, आणि इतिवृत्तात 'ठराव एकमताने मंजूर' अशी नोंद पडते. त्या एकमतात भय किती मिसळले आहे, हे तपासण्याचा साधा मार्ग आहे. पुढच्या बैठकीत सर्वांत नव्या आणि सर्वांत गप्प साथीला प्रथम बोलू द्यावे, पुढाऱ्याने सर्वांत शेवटी बोलावे, आणि विरोधी मत नावानिशी व सन्मानाने इतिवृत्तात नोंदवावे.