पोटनिवडणूक कीं धन्याची थट्टा?



पाडव्याला वर्षाच्या बोलीनें ठेवलेला सालगडी ऐन पेरणींत साल मोडून शेजारच्या वाड्यावर गेला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? आणि तोच कांहीं महिन्यांनीं, शेजाऱ्यानें दिलेला सदरा अंगांत घालून, तुमच्याच दारांत हात जोडून उभा राहिला, ‘धनी, मलाच ठेवा’ म्हणाला, तर त्याला ओट्यावर तरी बसूं द्याल काय? शेतांत जें आपण एक दिवस चालूं देणार नाहीं, तें विधानसभांत राजरोस चाललें आहे, आणि त्याला पोटनिवडणूक असें सभ्य नांव आहे.

पोटनिवडणूक ही मुळांत वाईट गोष्ट नव्हे. सभासद मरण पावला तर त्याची जागा भरलीच पाहिजे; नाहीं तर त्या मुलखाचें गाऱ्हाणें सभेंत मांडणार कोण? पण मध्यप्रदेशांत ३ नोव्हेंबर २०२० रोजीं २८ जागांसाठीं मतें पडलीं, त्यांतल्या मरणानें रिकाम्या झालेल्या किती? फक्त ३! बाकीच्या २५ जागांचे आमदार धडधाकट होते. त्यांनीं काँग्रेसच्या तिकिटावर मिळवलेल्या जागा राजीनामे देऊन सोडल्या, आणि ते २५ च्या २५ जण भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर त्याच जागांसाठीं पुन्हां उभे राहिले. जागा हवी होती तर सोडली कां? आणि नको होती तर पुन्हां मागितली कां?

याचें उत्तर साध्या बेरीज-वजाबाकींत आहे. तेथली विधानसभा २३० जागांची. मार्च २०२० मध्यें दोन जागा रिकाम्या होत्या. उरले २२८, म्हणून सरकार चालवायला ११५ हात लागत. भाजपजवळ होते १०७. पक्षांत राहून विरुद्ध मत द्यावें, तर १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा आडवा येतो. मग युक्ति निघाली. काँग्रेसच्या २२ आमदारांनीं विरुद्ध मत दिलेंच नाहीं; नुसते राजीनामे दिले. सभा २२८ ची २०६ झाली, बहुमत ११५ वरून १०४ वर आलें, आणि १०७ वाले एकहि माणूस न वाढतां वरचढ ठरले. धान्य वाढेना, तेव्हां पायलीच कापली! २० मार्चला कमलनाथ यांनीं राजीनामा दिला, २३ मार्चला शिवराजसिंह चौहान मुख्यमंत्री झाले.

कमलनाथांचें सरकार चांगलें होतें कीं वाईट, हा येथें प्रश्न नाहीं. १७ डिसेंबर २०१८ रोजीं गादीवर बसतांच त्यांनीं दोन लाखांपर्यंतचें पीककर्ज माफ करण्याच्या कागदावर सही केली. तें वचन किती पाळलें, याचा हिशेब शेतकऱ्यानें पांच वर्षांनीं मागायचा होता. पंधरा महिन्यांत हिशेबाची वहीच पळविली! आतां जुन्यानें म्हणावें, मला वेळ मिळाला नाहीं. नव्यानें म्हणावें, तें वचन माझें नव्हतें. कर्जदार मात्र तोच!

कर्नाटकांत हा खेळ आधींच होऊन गेला होता. जुलै २०१९ मध्यें १७ आमदार फुटले आणि २३ जुलैला कुमारस्वामींचें सरकार ९९ विरुद्ध १०५ मतांनीं पडलें. सभापतींनीं त्यांना अपात्र ठरवून विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक बंद केली. सुप्रीम कोर्टानें १३ नोव्हेंबरला अपात्रता कायम ठेवली, पण अशी मुदतबंदी घालण्याचा अधिकार सभापतींना नाहीं म्हणून बंदी उठवली. झालें! ५ डिसेंबरला १५ जागांवर पोटनिवडणूक झाली, त्यांत १२ जागा भाजपनें घेतल्या, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें फुटलेल्यांपैकीं १० जण मंत्री झाले. मिरजेशेजारच्या कागवाडची मौज तर पाहा. २०१८ मध्यें श्रीमंत पाटील काँग्रेसचे आणि राजू कागे भाजपचे. २०१९ मध्यें पाटील भाजपचे आणि कागे काँग्रेसचे! आखाडा तोच, मल्ल तेच, लंगोटांचे रंग तेवढे बदलले. म्हणून दोष एकाच पक्षाचा समजूं नका.

होसकोट्याच्या मतदारांनीं एम. टी. बी. नागराज यांना पाडलें, तर ते २०२० मध्यें विधानपरिषदेंतून आंत आले आणि जानेवारी २०२१ मध्यें मंत्रीहि झाले. धन्यानें पुढच्या दारांत अडवलेला परसदारानें येऊन चुलीपाशीं बसला!

कोणी शहाणे म्हणतात, लोकांनींच पुन्हां निवडून दिलें, मग तक्रार कसली? मध्यप्रदेशांत २५ पैकीं १८ निवडून आले, हें खरें. पण ती परीक्षा सरळ होती काय? आमदार नसलेल्यानेंहि सहा महिने मंत्री राहावें अशी घटनेंत सवलत आहे. तिचा आधार घेऊन या मंडळींतल्या १४ जणांना निवडणुकीआधींच मंत्री केलें होतें. पक्षांतरामुळें अपात्र ठरलेल्यानें पुन्हां निवडून आल्याशिवाय मंत्री होऊं नये, असें २००३ च्या दुरुस्तीनें ठरवलें. पण येथें राजीनामे मंजूर झाले, अपात्र कोणी ठरलाच नाहीं! उमेदवारच मंत्री, सरकार त्याचें. पाणी, वीज, रस्ता मागायचा तर त्याच्याच दाराशीं जायचें. अशा वेळीं गरीब माणूस मत देतो, कीं दंड भरतो?

तरीहि मतदार निजलेला नाहीं. डबऱ्याच्या इमरती देवी मंत्री असूनहि पडल्या. दमोहच्या राहुल लोधींनीं काँग्रेस सोडून भाजपचें तिकीट घेतलें. मे २०२१ मध्यें निकाल लागला, तेव्हां ते १७ हजारांहून अधिक मतांनीं हरले. हिमाचलांत २०२४ मध्यें काँग्रेसचे सहा बंडखोर अपात्र ठरले आणि सहाहि जण भाजपतर्फे उभे राहिले. चौघांना लोकांनीं घरीं पाठवलें आणि सरकार टिकलें. डोंगरांतल्या बागायतदाराला जें जमलें, तें सपाटीवरच्या कुणब्याला कां जमूं नये?

आमची मागणी सरळ आहे. आमदाराचें मत बदललें, तर खुशाल बदलावें. पण जागा त्याची नव्हे, ती मतदाराची ठेव आहे. पक्षाच्या नांवावर निवडून येऊन जो आपणहून जागा सोडील व दुसऱ्या पक्षांत जाईल, त्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत पोटनिवडणुकीस उभें राहतां येऊं नये, मंत्री होतां येऊं नये, आणि परिषदेच्या परसदारानेंहि आंत शिरतां येऊं नये. असा कायदा झाला, तर राजीनाम्याचा भाव एका दिवसांत उतरेल.

पण कायदा करणारे हातहि त्यांचेच. तोंवर हें काम तुमच्या बोटाला करावें लागेल. असा उमेदवार तुमच्या गांवांत आला, कीं सुतारानें, लोहारानें, कुणब्यानें, मजूर बाईनेंहि चावडीवर उभें राहून एकच सवाल विचारावा: जागा सोडतांना आम्हांला विचारलें होतेंस काय? उत्तर आलें नाहीं, तर पक्ष कोणताहि असो, त्याचें बटण दाबूं नका!