पडदा मोठा, ओसरी लहान

वेळापूर हे माळशिरस तालुक्यातील उसाच्या पट्ट्यातले गाव. अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळे आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम तेथे पडत असल्यामुळे ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा गावातील दहा बाय बाराच्या खोलीतही आता भिंतभर पडद्याची ओढ शिरली आहे. उसाचे बिल हाती आले, लग्न ठरले वा दिवाळी जवळ आली की घरात प्रश्न निघतो तो टीव्ही घ्यायचा की नाही हा नव्हे. किती इंची घ्यायचा, हा.

या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आपल्या चळवळीत रूढ आहेत. काही कार्यकर्ते त्याला चंगळवाद म्हणून मोकळे होतात. काहींना तो दखल घेण्याइतकाही मोठा वाटत नाही. दोन्ही भूमिका चुकीच्या आहेत. दिवसभर लावणी, खुरपणी करून आलेल्या बाईने संध्याकाळी तासभर स्वच्छ चित्र पाहावे, ही इच्छा पाप नव्हे. तिच्या या इच्छेचा व्यापार कोण करतो, तिला कोणते ज्ञान दिले जात नाही आणि तिने फेडावयाचे हप्ते कोणाच्या तिजोरीत जातात, हा मात्र निश्चितच राजकीय प्रश्न आहे.

सार्वजनिक संचापासून खासगी भिंतीपर्यंत

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात, उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा 'साइट' हा प्रयोग देशात झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्या प्रयोगात होते. हैदराबादच्या सरकारी ईसीआयएल कारखान्याने उपग्रहाचे प्रक्षेपण थेट पकडणारे संच घडविले, शाळेच्या वा पंचायतीच्या आवारात ते ठेवले गेले आणि गाव एकत्र बसून पाहू लागले. दूरचित्रवाणी ही सार्वजनिक विहिरीसारखी वस्तू असेल, ही कल्पना त्यामागे होती.

१९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्र आले आणि ती कल्पना मागे पडली. संच घरोघर गेला. या बदलाकडे केवळ हळहळून पाहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावात एकच संच असे आणि तो बड्या बागायतदाराच्या ओसरीवर असे, तेव्हा दलित वस्तीतील पोरे अंगणाच्या कडेला उभी राहून पाहत आणि सुनांनी तेथे येऊन बसणे शोभत नसे. स्वतःच्या घरात स्वतःचा छोटा संच आला, तेव्हा त्यांची ती मिंधी अवस्था संपली. ही मुक्ती खरी होती. म्हणून आज सार्वजनिक पडद्याचा विचार मांडताना जुनी ओसरी परत आणावयाची नाही, हे आधी स्पष्ट असले पाहिजे.

पडद्याच्या जाती

बाजारात एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावे ग्राहकावर फेकली जातात. त्यांचा उलगडा फारसा अवघड नाही. तो कोणी करून देत नाही इतकेच.

काचेच्या जड नळीचा जुना संच इतिहासजमा झाला. त्याच्या जागी आलेला प्लाझ्मा पडदाही मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास बनविणे थांबविले. आज मुळात दोनच जाती उरल्या आहेत. पहिली द्रवस्फटिकांची, म्हणजे एलसीडी. हिच्यात पडदा स्वतः उजळत नाही. मागे दिवे असतात आणि स्फटिक दाराच्या झडपेप्रमाणे प्रकाश कमीजास्त सोडतात. दुकानातला 'एलईडी टीव्ही' हा एलसीडीच होय. फक्त मागचे दिवे एलईडीचे आहेत. 'क्यूएलईडी' म्हणजे त्याच रचनेत रंग अधिक शुद्ध करणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. त्या कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले हे खरे, पण मागचा दिवा चुकलेला नाही. 'मिनी एलईडी' म्हणजे मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ, त्यामुळे चित्रातील अंधाराचा भाग वेगळा मंद करता येतो.

दुसरी जात ओएलईडीची. येथे प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि अंधाऱ्या खोलीत याहून उत्तम चित्र नाही. परंतु वेळापूरच्या घरात उन्हाळ्यात दार-खिडक्या सताड उघड्या असतात, दुपारचा उजेड थेट काचेवर येतो. तेथे ओएलईडीचा हा गुण वाया जातो आणि साधा पण भरपूर उजळणारा एलसीडी बरा ठरतो. शिवाय ज्या घरात वृत्तवाहिनी दिवसभर चालू असते, तेथे वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी एकाच जागी तासन् तास उजळत राहते. ओएलईडीवर त्याची छाया कायमची उमटण्याचा धोका असतो. सर्वांत महाग ते सर्वांना उत्तम, हे समीकरण येथेच कोसळते.

दुकानात तुलना कशी होते हेही पाहण्यासारखे आहे. सारे संच डोळे दिपतील इतक्या उजेडावर लावलेले असतात आणि त्यांवर फुलांचे, पाण्याचे खास तयार केलेले चित्रण फिरत असते. ग्राहकाने तेथे आग्रहाने एक गोष्ट करावी: घरी जी वाहिनी पाहतो, ती लावून दाखवावयास सांगावे.

इंचांचा हिशेब

इंच हे कर्णाचे माप आहे. ६५ इंची पडदा ३२ इंचीच्या दुप्पट वाटतो. क्षेत्रफळाने तो चौपट असतो. त्या प्रमाणात चित्रही चौपट चांगले होते काय? 'फोर-के' पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात. डीडी फ्री डिशवर महिन्याचे शुल्क न भरता दिसणाऱ्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या आहेत. त्यांच्या चित्रात ४ लाख १५ हजारांहून थोडे कमी बिंदू असतात. म्हणजे पडद्याची क्षमता २० पट आणि येणारे चित्र एक पट. उरलेले १९ भाग संच आपल्या अंदाजाने भरतो. छोट्या पडद्यावर जे चित्र नेटके दिसत होते, ते मोठ्या पडद्यावर फिसकटलेले दिसते, ते यामुळेच.

दुसरी मर्यादा डोळ्याची आहे. निकोप डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखू शकतो. त्या हिशेबाने ५५ इंची पडद्यापासून सुमारे सात फुटांपलीकडे बसल्यास फुल एचडी आणि फोर-के यांतील बारकाव्याचा फरक डोळ्याला कळत नाही. ४३ इंची पडद्याला हे अंतर सुमारे साडेपाच फूट आहे. भिंतीला पाठ टेकून बसणाऱ्या कुटुंबाने याहून अधिक बिंदूंसाठी पैसे मोजणे म्हणजे न दिसणारी वस्तू विकत घेणे होय.

तरीही सारी व्यवस्था मोठ्या पडद्याकडेच ढकलते. ३२ इंचांपर्यंतच्या संचावर जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्यावरच्या संचांवरील २८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आणण्यात आला. नवी सवलत मोठ्या पडद्याला मिळाली, लहान पडद्याचा कर होता तेथेच राहिला. पुढे उभा असतो 'शून्य व्याजा'चा हप्ता. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कधी प्रक्रिया शुल्कात दडते, कधी रोखीच्या ग्राहकाला मिळणारी सूट हप्तेवाल्याला नाकारून वसूल होते. फलकावरील शब्द थोडे बदलतात, हिशेब तोच राहतो.

स्वस्ताईचे मोल

पडदे इतके स्वस्त झाले कसे? एक कारण उत्पादनाचे आहे. एलसीडी पॅनेलांचा जगातील मोठा वाटा आज चीनमधील अवाढव्य कारखान्यांतून येतो; मोठे ओएलईडी पडदे मुख्यतः दक्षिण कोरियातील दोन कंपन्या घडवितात. संचाच्या किमतीतील सर्वांत मोठा भाग या पॅनेलचा असतो आणि भारतात ते प्रामुख्याने आयातच होते. 'भारतात बनविलेला' या शिक्क्याखाली पुष्कळदा केवळ जोडणी असते. एके काळी सरकारी कारखान्यात संच घडविणाऱ्या देशाची ही अवस्था आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. 'स्मार्ट' संच केवळ दाखवीत नाही, तो पाहतोही. अमेरिकेतील व्हिजिओ कंपनीने १ कोटी १० लाख संचांतून, प्रेक्षकांची संमती न घेता, ते काय पाहतात याची नोंद गोळा केली, असा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला. २०१७ साली कंपनीने २२ लाख डॉलर भरून तो दावा मिटविला. पुढे याच कंपनीचा नफा संचांपेक्षा जाहिरातींच्या व्यवसायातून अधिक येऊ लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये किराण्यापासून कपड्यांपर्यंत सारे विकणाऱ्या वॉलमार्टने ती २३० कोटी डॉलरना विकत घेतली. वस्तू स्वस्त मिळते, कारण गिऱ्हाईक पुन्हा विकले जाते. संचाच्या सेटिंगमध्ये पाहण्याच्या नोंदीची संमती बंद करता येते. ती कशी बंद करावी हे शाखेतील एखाद्या तरुणाने दहा घरांत दाखविले, तरी ते राजकीय शिक्षणच ठरेल.

दुरुस्तीचीही हीच कथा. जुन्या नळीच्या संचाला तालुक्याचा कारागीर डागकाम करून वर्षानुवर्षे चालवी. आज 'पॅनेल गेले' या दोन शब्दांत संचाची वासलात लागते. पण पडदा काळा पडला आणि आवाज चालू असला, तर अंधारात विजेरीचा झोत तिरका टाकून पाहावे. पुसट चित्र दिसले तर पॅनेल शाबूत असून मागच्या दिव्यांची पट्टी गेली असण्याचा संभव मोठा. ती पट्टी पॅनेलच्या मानाने अगदी स्वल्प खर्चात बदलता येते. मागच्या दिव्यांचा उजेड कमी ठेवला तर ती मुळात अधिक टिकते. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती निर्मात्याने अमुक वर्षे पुरविलीच पाहिजेत, ही मागणी ग्राहकाची आहे, तशीच कारागिराच्या रोजगाराचीही आहे.

मोठा पडदा कोठे शोभतो

या साऱ्याचा निष्कर्ष सरळ आहे. लहान घराला मध्यम आकाराचा, साधा, दुरुस्त होऊ शकणारा एलसीडी संच पुरेसा आहे. त्यापुढचा पैसा बियाण्याला, शाळेला वा औषधाला लागावा. मोठा पडदा हे मूलतः अनेकांनी मिळून पाहण्याचे साधन आहे. जत्रेतल्या तंबूत पांढऱ्या कापडावर साऱ्या गावाला चित्रपट दाखविणाऱ्या फिरत्या टॉकीजला हे उमगले होते. दहा फूट रुंद चित्र चारचौघांच्या खोलीत मावत नाही, मावले तरी व्यर्थ आहे. शंभर माणसांपुढे ते सार्थ ठरते.

असा पडदा उभा करणे आज अशक्य नाही. अनेक जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून वा शासकीय निधीतून मोठे संच वा प्रोजेक्टर आलेले आहेत. शाळा सुटली की त्यांना कुलूप लागते. प्रोजेक्टरला अंधार लागतो आणि चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली तर उजेड चौथाईवर येतो, एवढे भान ठेवले, तर संध्याकाळी चुन्याची पांढरी भिंतही पुरते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी वाचनालये गावोगाव आहेत; तीही या कामी पुढे येऊ शकतात. चित्रपट दाखवावयाचा तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागेल. संसदेचे कामकाज, शेतीविषयक कार्यक्रम, विद्यार्थ्यांसाठीचे पाठ यांपासून आरंभ करता येईल.

मात्र एक अट सोडता कामा नये. हा पडदा कोणाच्या दारात नसावा. ज्या जागेवर एकाची मालकी नाही, जेथे दलित वस्तीतील मूल पहिल्या रांगेत बसू शकते आणि बायकांना यावेसे वाटेल अशी वेळ, असा उजेड आणि अशी सोबत आहे, तीच जागा खरी. काय पाहावयाचे हे ठरविणाऱ्या समितीत बायका आणि तरुण असलेच पाहिजेत. नाही तर नव्या तंत्राने जुनीच ओसरी उभी राहील.

पालखी वेळापूरच्या उतारावर येते तेव्हा वारकरी धावतात, आणि कोणी एकटा धावत नाही. शाळेच्या त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, याची चौकशी माळशिरस तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत करावी. कामाला तेथूनच सुरुवात होईल.