पुस्तकातली चेटकीण आणि गावातली चेटकीण

या अंकाचे संपादकीय एका पत्र्याच्या पेटीवरून सुचले. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याच्या काठाने डाळज आणि आसपासच्या वस्त्यांवर आम्ही मुलींसाठी एक वाचनपेटी फिरवतो. पेटीत पन्नास-साठ पुस्तके आहेत. बचत गटाच्या बैठकीच्या दिवशी ती उघडते, मुली पुस्तके बदलून घेतात आणि पेटी पुढच्या वस्तीवर जाते. या पेटीतले ‘हॅरी पॉटर आणि परीस’ हे पुस्तक काढून टाका, असा निरोप गावातल्या काही मंडळींनी पाठवला. कारणे दोन सांगितली. एक, त्यात चेटूक आणि जादूटोणा आहे, वाचून पोरी बिघडतील. दोन, ते परधर्माचे आहे, आपल्या देवाधर्माला बाधक आहे. निरोपात धमकी नव्हती, पण ‘पेटी चालू ठेवायची असेल तर’ हे शब्द होते. स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्तीला अशा शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

असे निरोप इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणींनाही येत असतील, म्हणून या प्रश्नावर आपली भूमिका काय असावी, हे जरा नीट मांडायचे आहे.

हे पुस्तक १९९७ साली इंग्लंडमध्ये निघाले. लेखिका बाई आहे हे कळले तर मुलगे पुस्तक घेणार नाहीत, म्हणून प्रकाशकाने तिचे नाव आद्याक्षरांनी छापायला लावले. म्हणजे पुस्तक बाजारात येण्याआधीच बाईच्या नावाला हरकत होती. पुढे २००० ते २००९ या दहा वर्षांत अमेरिकेत ग्रंथालयांतून ज्या पुस्तकांना सर्वाधिक आक्षेप घेतले गेले, त्यांच्या यादीत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. डिसेंबर २००१ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो या गावी एका धर्मोपदेशकाने ही पुस्तके जाहीरपणे जाळली. २००२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील खाजगी शाळांतून ती इस्लामी मूल्यांच्या विरोधी म्हणून हद्दपार झाली. २०१९ मध्ये पोलंडमध्ये धर्मगुरूंनी ती पुन्हा जाळली. त्याच वर्षी अमेरिकेतील नॅशविलच्या एका कॅथलिक शाळेने ती वाचनालयातून काढली, कारण तिथल्या धर्मगुरूंच्या मते त्यातले मंत्र खरेखुरे आहेत आणि वाचणाऱ्यावर भुते ओढवतात.

गंमत अशी की ख्रिस्ती उपदेशकाला हे पुस्तक ख्रिस्तविरोधी वाटते, तिकडे मुसलमान अधिकाऱ्यांना ते इस्लामविरोधी वाटते आणि आमच्या गावातल्या मंडळींना ते ख्रिस्ती म्हणून नको असते. एकच पुस्तक तिन्ही धर्मांच्या विरुद्ध कसे असेल? धर्म वेगळे असले तरी तिन्ही ठिकाणची मागणी एकच आहे: मुलांनी, विशेषतः मुलींनी, काय वाचायचे हे आम्ही ठरवणार.

आपल्याकडे हे नवीन नाही. दरवर्षी आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी आमच्या इंदापूर तालुक्यातून जाते, आणि पालखीबरोबर चालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते की याच तुकोबांच्या गाथेला धर्माचे कारण सांगून इंद्रायणीत बुडवायला लावले होते. तुकोबांना गुरू मानले म्हणून बहिणाबाईंनी नवऱ्याचा मार खाल्ला. अक्षरांना आणि बाईच्या श्रद्धेला धर्माच्या नावाने अडवण्याची परंपरा जुनी आहे, तशी ती झुगारण्याचीही परंपरा आपलीच आहे.

अलीकडचा इतिहासही पाहू. २ डिसेंबर १९९८ रोजी मुंबईत ‘फायर’ चित्रपटाचे खेळ शिवसैनिकांनी तोडफोड करून बंद पाडले. तो चित्रपट कल्पनारम्य नव्हता, दोन बायकांच्या नात्याची घरातली गोष्ट होती. तोडफोडीत महिला आघाडीच्या स्त्रियाही पुढे होत्या, हे आपण विसरू नये. चित्रपट पुन्हा परीक्षण मंडळाकडे गेला आणि १९९९ मध्ये एकही कात्री न लागता परत आला. २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ या चित्रपटाला मुंबईतील काही कॅथलिक संघटनांनी विरोध केला, गोव्यात त्यावर बंदी आली. ही सगळी कल्पित कथा आहे, अशी पाटी दाखवूनच तो देशात प्रदर्शित झाला. आक्षेपाचे मूळ काय होते? येशूचे मेरी मॅग्डालीनशी लग्न झाले होते, अशी कल्पना त्या कथेत होती. येशूच्या शेजारी पत्नी म्हणून एक बाई बसवली, एवढ्यानेच श्रद्धा हादरते, याचा अर्थ काय, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारू दिला नाही.

२०२० मधले उदाहरण आपल्याला अधिक शिकवणारे आहे. ‘लक्ष्मी बॉम्ब’ हा भुताखेतांचा विनोदी चित्रपट. त्यात खून झालेल्या एका पारलिंगी व्यक्तीचे भूत नायकाच्या अंगात शिरते. देवीच्या नावापुढे बॉम्ब लावल्याने भावना दुखावल्या, असे म्हणत हिंदू जनजागृती समितीसह अनेक संघटनांनी विरोध केला. निर्मात्यांनी बॉम्ब हा शब्द काढला आणि नोव्हेंबरमध्ये चित्रपट आला. आता बघा, पारलिंगी व्यक्तीला पडद्यावर भूत म्हणूनच का आणायचे, तिची भूमिका पुरुष नटाने का करायची, तिच्या दुःखावर हशा का पिकवायचा, हे खरे विचारायचे प्रश्न होते. ते विचारणारे आवाजही होते. पण सगळी जागा नावाच्या भांडणाने व्यापली. देवीचे नाव वाचले, बाईच्या आणि पारलिंगी माणसाच्या वाट्याचा प्रश्न तसाच राहिला.

आता मूळ आक्षेपाकडे. जादूच्या गोष्टी वाचून मुले जादू करू लागतील का? आपल्या मुलांना श्रावणातल्या कहाण्या कोणी सांगितल्या? आपणच. त्यांत नाग बोलतात, देव दारी येऊन परीक्षा पाहतात, उतरंडीची मडकी धनाने भरतात. विक्रमाच्या पाठीवरच्या वेताळाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांची करमणूक केली. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, २०१८ पासून वैभव मांगले यांनी रंगवली, आणि हजारो मुलांनी तिला टाळ्या दिल्या. त्यातले कुणी करणी शिकल्याचे ऐकिवात नाही. गोष्टीतली जादू गोष्टीतच असते, हे सहा वर्षांच्या पोरीला कळते. ते न कळणारी माणसे मोठी असतात आणि त्यांच्या हातात पुस्तके नसतात, काठ्या असतात.

मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आयांची भीती खोटी नव्हती. स्वतःला वाचता येत नाही, लेक जाड पुस्तकात तोंड खुपसून बसते, आत काय आहे ते कळत नाही, आणि बाहेरून कोणी सांगते की त्यात चेटूक आहे. तिने काय करावे? म्हणून आम्ही बैठकीतच पुस्तक उघडले आणि एका मुलीला पहिली काही पाने मोठ्याने वाचायला लावली. आईबाप मेलेला पोर मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपतो, मावसभावाचे जुने कपडे घालतो, राबतो आणि बोलणी खातो. एक बाई म्हणाली, “हे तर आपल्याच पोरक्या पोराचं हाय की!” करणीचा विषय निघाला तेव्हा दुसरी म्हणाली, “ताई, करणीला पुस्तक कशाला लागतंय? माझ्या सासूला लिहिता-वाचता येत न्हवतं, तरी ती दर अमावस्येला माझ्यावर आळ घ्यायची.” सगळ्या हसल्या. मग हळूहळू हसू थांबले. कारण एकीने सांगितले की तिच्या विधवा चुलतीच्या वाट्याला म्हैस आटली तरी दोष यायचा, पोर आजारी पडले तरी यायचा, आणि शेवटी ती माहेरी निघून गेली ती परत आलीच नाही. तिच्या वाट्याची जमीन कोण कसतो, हे कुणी विचारले नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होते.

मैत्रिणींनो, खरा मुद्दा इथे आहे. पुस्तकातल्या चेटकिणीवर सभा होतात, निवेदने दिली जातात. गावातली बाई चेटकीण ठरवली जाते तेव्हा बहुतेक भावना दुखावत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारले. डिसेंबर २०२४ अखेरीस मेळघाटातील रेट्याखेडा गावात सत्तरी ओलांडलेल्या आदिवासी बाईला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची धिंड काढली गेली, आणि त्यात गावच्या पोलीस पाटलावरच आरोप झाला. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटकीण ठरवून सुमारे चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली, त्यातल्या चारांपैकी तीन बायका होत्या, हा अभ्यासकांचा अंदाज आहे. एकटी, म्हातारी, विधवा, औषधपाणी जाणणारी, फटकळ किंवा जमिनीची वाटेकरी असलेली बाई सगळीकडे पहिली सापडते.

आपल्या राज्यात यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्यासाठी अठरा वर्षे झगडा केला. तेव्हाही हा कायदा धर्मविरोधी आहे, याने भावना दुखावतात, असेच म्हटले जात होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. अमुक बाई करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे, चेटकाच्या नावाखाली मारहाण करणे, धिंड काढणे, हे सर्व त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात ‘आपसात मिटवा’ असे सांगितले, तर हे शब्द आपल्या तोंडी तयार हवेत.

कोणी म्हणेल, आक्षेप तर तुम्हीही घेता. बायकांच्या बीभत्स जाहिरातींना आपण काळे फासले, १९८६ च्या स्त्रियांच्या असभ्य चित्रणविरोधी कायद्याचा आधार घेतला. मग फरक काय? प्रश्न रास्त आहे, आणि सेन्सॉरच्या मागणीवरून स्त्री चळवळीत मतभेद होते आणि आहेत. माझे मत असे की आक्षेप घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आमच्या गावातल्या मंडळींनाही. पण आक्षेप घेणाऱ्याने ते पुस्तक वाचलेले असावे, तो बोलून आणि लिहून घ्यावा, आणि समोरच्याची उत्तर देण्याची वाट मोकळी ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सांगितले आहे की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दाबता येणार नाही, त्याचे रक्षण करणे ही शासनाची जबाबदारी आहे. या कसोट्या आपल्यालाही लागू आहेत. हॅरी पॉटरच्या लेखिकेची पारलिंगी व्यक्तींविषयीची मते माझ्यासह आपल्यातल्या अनेकींना मुळीच पटत नाहीत. ती खोडून काढू, पुस्तक पेटीतच ठेवू. भुताखेतांच्या मालिकांत हडळ नेहमी बाईच का, सून नेहमी झपाटलेली का, याचीही मुलींबरोबर चर्चा करू. चर्चा बंदीपेक्षा जास्त वेळ घेते, पण मुलीच्या डोक्यात टिकते.

तेव्हा आपल्या गटांना माझ्या तीन सूचना आहेत. पुस्तकावर आक्षेप आला तर ते काढण्याआधी बैठकीत मोठ्याने वाचा, आयांसह वाचा, आणि आक्षेप घेणाऱ्यांनाही बोलवा. निर्णय बैठकीने घ्यावा, निरोपाने नाही. दुसरे, जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीची प्रत प्रत्येक गटाच्या दप्तरात ठेवा. तिसरे, आपल्या गावात कोणत्या बाईच्या घरचे पाणी लोक टाळतात, कोणाला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, कोणाची सावली पोरांवर पडू देत नाहीत, याची नोंद करा आणि पुढच्या बैठकीला तिला आधी बोलावणे पाठवा.

आमच्या बैठकीने पुस्तक पेटीतच ठेवायचे ठरवले. मंडळींना तसे लेखी कळवले, पुस्तक वाचायला नेण्याचे निमंत्रणही दिले. अजून कोणी नेलेले नाही. मुलींमध्ये मात्र त्यासाठी नंबर लागले आहेत. आपापल्या भागातले अनुभव जरूर लिहून पाठवा, पुढच्या अंकात ते छापू.