बफरिंग... बफरिंग...

शहापूरहून मुरबाडच्या एसटीत बसलं, किन्हवली मागे पडली, की मोबाइलवरचा रेडिओ गचके खायला लागतो. बातमी अर्ध्यात तुटते. खापर अर्थातच नेटवर्कवर! मला ते पूर्ण पटत नाही.

मीडियम वेव्हवर अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झला लागायची. खरखर असायची, पण ट्रान्समीटर एकच आणि ऐकणारे कितीही. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येकाला वेगळा डेटा पाठवावा लागतो. १२८ केबीपीएस म्हणजे तासाला जवळजवळ ५८ एमबी. नुसत्या बोलण्याला एवढं कशाला हो? २०१२ साली प्रमाणित झालेला ओपस कोडेक ३२ केबीपीएसमध्येही माणसाचा आवाज स्वच्छ देतो. सिग्नल पडला की आपोआप खालच्या दरावर यायचं, तीसेक सेकंदांचा बफर ठेवायचा. लाइव्ह रेडिओ अर्धा मिनिट उशिरा ऐकू आला तर कोणाचं काय बिघडतं? (क्रिकेटवाले सोडून.)

पण आपलं टेस्टिंग कुठे होतं? ऑफिसच्या वाय-फायवर! इकडे भातलावणीच्या दिवसांत पावसाचा अंदाज ऐकायला बसलेल्या आजोबांपुढे नुसतं चाक गरगरतंय, आणि जुना सेट तर कधीच माळ्यावर गेला.

रेडिओचं ॲप लिहिणाऱ्या मित्रांनो, पुढच्या रिलीजआधी एकदा मुरबाडची एसटी पकडा. हेडफोन लावून.