पडद्यावरचे अक्षर आणि हुजुरातील पोच

मुरगूडच्या आठवडी बाजारात भाजीचे पैसे मोबाईलवरून धाडावेत, पडद्यावर हिरवी खूण उमटताच ती मोठ्या ऐटीने भाजीवालीपुढे धरावी, आणि तिने त्या खुणेकडे ढुंकूनही न पाहता, पाटीशेजारच्या डबीतून रक्कम जमा झाल्याची वर्दी येईपर्यंत पिशवीवरचा हात काढू नये, हा प्रसंग वरकरणी अपमानास्पद वाटला, तरी त्यामागील विवेक संगणकविद्येला फार पूर्वीपासून परिचित आहे.

१९६३ साली प्रचारात आलेल्या टेलिटाईप ३३ सारख्या यंत्राला स्वतःची बुद्धी नव्हती. दुहेरी वाहतुकीच्या जोडणीत त्याची कळ दाबली, की अक्षराचा संकेत तारेवरून दूरच्या यजमान संगणकाकडे रवाना होई, तेथे तो रुजू होई, आणि यजमानाने तेच अक्षर परत धाडल्यावरच ते कागदावर उमटे. या परतीच्या अक्षराला ‘इको’ म्हणजे प्रतिध्वनी म्हणत. यंत्रानेही अक्षर छापले आणि यजमानानेही ते परत केले, तर प्रत्येक अक्षर दोनदा उमटे. परवलीचा शब्द लिहिताना मात्र यजमान अक्षरे टिपून घेई, पण मौन पाळी. अर्थात ही पोच केवळ आवक झाल्याची. अर्ज मंजूर झाल्याची नव्हे.

या पद्धतीचे मोल विलंबाने चुकवावे लागे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्फत अक्षर जाऊन परतायचे, तर अर्धा सेकंद जातो, आणि लिहिणाऱ्याचा हात अडखळतो. म्हणून पडद्याने आपल्याच जबाबदारीवर अक्षर आधी दाखवावे, हे रास्तच. परंतु २०१२ साली आलेल्या ‘मॉश’ या प्रणालीने, जोडणी मंद असता, अंदाजाने दाखवलेली अक्षरे यजमानाची पोच येईपर्यंत अधोरेखित ठेवण्याचा जो प्रांजळपणा दाखवला, तो आपल्या सार्वजनिक पडद्यांवर क्वचितच आढळतो.

एका कचेरीच्या पडद्याने माझा अर्ज ‘जमा’ म्हणून जाहीर केला, आणि महिन्याने चौकशीस गेलो तेव्हा दप्तरी त्याचा मागमूसही नव्हता. यजमानाच्या दप्तरात नोंद होऊन आवक क्रमांक परत येईपर्यंत कोणत्याही सरकारी पडद्याने ‘जमा’ हा शब्द उच्चारू नये, तोवर ‘पाठवीत आहोत’ एवढेच म्हणावे, अशी सक्त ताकीद असावयास हवी. नागरिकाला चार क्षण तिष्ठावे लागेल खरे. पण भाजीवालीपुढे तो आजही तिष्ठतोच, आणि डबी बोलली की पिशवी निर्धास्तपणे उचलतो.