तुम्हाला आमचं रडणंच का हवं?

पहिलं सांगून टाकतो. हे परीक्षण नाही. परीक्षणं लिहिणारे प्राध्यापक गल्लोगल्ली पडलेत, त्यांचं त्यांना लखलाभ. आम्ही सात-आठ जण दर रविवारी विहाराच्या मागच्या खोलीत जमतो. एक रेल्वेत आहे, एक बँकेत शिपाई, एक नर्सताई, दोघं कॉलेजातली पोरं, आणखी कधी कोण असतील ते, आणि मी. इंग्रजी पुस्तक सरळ वाचता येणारा आमच्यात एकच. तो वाचतो आणि मराठीत सांगत जातो. अडलं की सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडतात. या पावसाळ्यात आम्ही पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या अमेरिकन कादंबरीकाराची तीन पुस्तकं अशी तावातावानं वाचली. शेवटी भांडण एवढं पेटलं की दोन रविवार नर्सताई आल्याच नाहीत. ते भांडण जसं झालं तसं इथं मांडतोय.

माणूस १९५६ चा. जन्म जॉर्जियातला, वाढला साउथ कॅरोलिनात. आता कॅलिफोर्नियात विद्यापीठात शिकवतो. वीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्यात आणि एकीसारखी दुसरी नाही. वाचकाची खोडी काढणं ही त्याची जुनी सवय. २०२० सालच्या 'टेलिफोन' कादंबरीच्या त्यानं तीन वेगवेगळ्या आवृत्त्या बाजारात सोडल्या, आणि आपल्या हातात कुठली आलीय हे घेणाऱ्याला ठाऊकच नाही! वर्षानुवर्षं त्याची पुस्तकं एक छोटी प्रकाशन संस्था काढत होती. २०२४ च्या 'जेम्स'ला नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०२५ साली पुलित्झर मिळालं तेव्हा बड्यांना साक्षात्कार झाला. आम्हालाही तेव्हाच कळलं, खोटं कशाला बोला.

आमचं भांडण लागलं ते २००१ सालच्या 'इरेजर'वरून. इरेजर म्हणजे पुसून टाकणं. यातला नायक थेलोनियस एलिसन, सगळे त्याला मंक म्हणतात. काळा आहे, प्राध्यापक आहे, लेखक आहे. ग्रीक नाटकं घेऊन त्यावर कादंबऱ्या लिहितो. प्रकाशक त्या परत पाठवतात. म्हणतात, लिहिलंय उत्तम, पण एस्किलसच्या नाटकाचा आणि काळ्यांच्या अनुभवाचा संबंध काय? पुस्तकाच्या दुकानात जातो तर त्याची पुस्तकं काळ्यांच्या अभ्यासाच्या कपाटात. पुस्तकात काळं काय, तर मागच्या बाजूचा त्याचा फोटो! आणि त्याच वेळी लहानपणी दोन दिवस हार्लेमला नातेवाइकांकडे राहून आलेली एक बाई वस्तीतल्या जगण्याची कादंबरी लिहिते आणि देशभर डोक्यावर घेतली जाते. मंकचं टाळकं सरकतं. रागाच्या भरात तोही तसलीच एक कादंबरी खरडतो. शिव्या, पिस्तूल, चार बायांपासून चार पोरं, तुरुंग, सगळा मसाला. टोपणनावानं पाठवतो. ही थट्टा आहे हे बावळटालाही कळावं म्हणून नंतर पुस्तकाचं नावही बदलून इंग्रजीतली ती चार अक्षरांची शिवी ठेवतो. प्रकाशक काय करतो? सहा लाख डॉलर देतो. सिनेमावाले येतात. पुढं साहित्याचा मोठा पुरस्कार ठरवणाऱ्या पाचांत मंक स्वतः बसलेला असताना त्याच पुस्तकाला पुरस्कार मिळतो. तो विरोध करतो. बाकीचे चौघं म्हणतात, असलं अस्सल लिखाण आम्ही वाचलं नव्हतं.

'अस्सल' या शब्दापाशी मी वाचणाऱ्याला थांबवलं. कारण हा शब्द माझ्या घरी पाकिटातून आलाय.

मी एक गोष्ट लिहिली होती. रिटायर झालेला एक पोस्टमन दुर्बीण विकत घेतो आणि चाळीच्या गच्चीवरून शनीची कडी बघायचा प्रयत्न करतो. बायको त्याला शिव्या घालते. खालच्या टपरीवाल्याच्या दिव्यामुळं काही दिसत नाही, म्हणून तो टपरीवाल्याशी भांडतो. एवढंच. पोस्टमन आपल्यातला आहे, त्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यापलीकडं जातीचं नाव गोष्टीत नाही. एका मान्यवर मासिकाकडं पाठवली. उत्तर आलं. भाषेवर प्रभुत्व आहे, परंतु आपल्या लेखनात आपलं जगणं उमटलेलं नाही, अनुभवाची धग कमी पडते, अस्सलपणा जाणवत नाही, पुढील लेखनास शुभेच्छा. च्यायला, धग! शनीच्या कड्यांना धग कुठून आणू? माझं जगणं काय आहे हे त्या गृहस्थाला माझ्या आडनावावरून कळलं होतं, आणि गोष्टीत ते सापडलं नाही म्हणून गोष्ट नापास.

दोस्तहो, हे शब्द गोळा करा एकदा. धग. दाहक. विदारक. रांगडं. अस्सल. अंगावर काटा आणणारं. त्यांच्या लेखकाच्या पुस्तकाला ते काय म्हणतात? तरल, चिंतनशील, वैश्विक. त्यांचा नायक बाल्कनीत बसून उदास झाला की ते मानवी अस्तित्वाचं दुःख. आमचा नायक गच्चीवर बसून उदास झाला की आधी त्यानं उपाशी असल्याचा पुरावा आणायचा. आमच्या पुस्तकावर बोलायला हॉल भरतो, चहा-बिस्किटं होतात, 'वेदना आणि विद्रोह' असा बॅनर लागतो, एक बाई डोळे पुसते, आणि त्याच हॉलमधून घरी गेल्यावर भाडेकरू ठेवताना तीच मंडळी आडनाव विचारतात. हे मी चिडून बोलतोय, होय. पण खोटं आहे का?

कोणी म्हणेल, मग 'बलुतं' नको होतं काय? तोंड सांभाळून बोला. १९७८ साली दया पवारांनी ते लिहिलं नसतं, त्याच्याआधी बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' काढलं नसतं, तर आज मी हा कागद काळा करत बसलो नसतो. त्या लोकांनी धोंडा उचलून काचेवर मारला. माझं भांडण त्या धोंड्याशी नाही. तोच धोंडा उचलून ज्यांनी दिवाणखान्यात शोभेला ठेवला, आणि आता आमच्या प्रत्येक पोराकडं तसलाच, त्याच मापाचा धोंडा मागतात, त्यांच्याशी आहे. आणि मागणी आहे म्हणून घाऊक पुरवठा करणारे जे आपल्यातले निघालेत, त्यांच्याशीही.

इथवर सगळे माझ्या बाजूला होते. मग नर्सताई बोलल्या.

म्हणाल्या, "दादा, त्या मंकचा बाप डॉक्टर. बहीण डॉक्टर, भाऊ डॉक्टर. समुद्राकाठी सुट्टीतलं घर. ह्यांना वस्तीतल्या माणसाची लाज वाटते म्हणून हे असलं हसतात. माझ्या आईनं कचरा वेचला. मी ते लिहिलं तर हा तुमचा एव्हरेट मला हसणार का? आणि तुम्ही?"

खोलीत कोणी बोललं नाही. मी काहीतरी पुटपुटलो. की हसू माणसाचं नाही, बाजाराचं आहे. खोट्या कादंबरीतलं पात्र हे गोऱ्या वाचकानं मनात पाळलेलं बाहुलं आहे. रिचर्ड राइटच्या १९४० सालच्या 'नेटिव्ह सन'ची ती विडंबनाची वाट आहे, वगैरे. ताईंनी पिशवी उचलली आणि गेल्या.

दोन आठवडे मी ते पुस्तक परत चाळलं, अडल्या शब्दाला डिक्शनरी घेऊन. ताईंचं निम्मं खरं आहे. बाहुलं बाजाराचं आहे हे मान्य, पण त्या बाहुल्याशेजारी उभा राहील असा वस्तीतला खरा माणूस एव्हरेटनं उभा केलाय का? एक प्रसंग आहे. मंकच्या बहिणीच्या दवाखान्यात बाहेर बसलेली एक गरीब पोरगी. मंक तिला अडाणी समजतो, आणि ती झोरा नील हर्स्टन आणि जीन टूमर वाचलेली निघते. मंक शरमतो. चांगला प्रसंग आहे, पण चुटकीसरशी संपतो. त्या पोरीला पन्नास पानं द्यायला हवी होती. ती दिली नाहीत, म्हणून पुस्तक डॉक्टरांच्या घरात जास्त रमतं. पांढरपेशा झालेल्या आपल्या लोकांना हे पुस्तक फार आवडेल, आणि चुकीच्या कारणासाठी आवडेल. 'आम्ही आता तसले राहिलो नाही' हे सांगायला त्यांना सर्टिफिकेट मिळेल. म्हणून ताई, तुम्ही तुमच्या आईचं लिहा. कोणी धग मागितली म्हणून नको, तुम्हाला लिहायचं असेल तर. आणि आई हसायची कशाला तेही लिहा.

जाता जाता. या पुस्तकावर २०२३ साली 'अमेरिकन फिक्शन' नावाचा सिनेमा निघाला, २०२४ साली पटकथेचं ऑस्कर मिळालं. एका सवर्ण मित्रानं मला आवर्जून बघायला लावला. पोट धरून हसला. काय चाबूक मारलाय म्हणाला. आणि तासाभरानं चहा पिताना, "बाय द वे, तू तुझं आत्मचरित्र कधी लिहितोस?"

दुसरं पुस्तक 'द ट्रीज', २०२१ चं. इथं रेल्वेतला दोस्त भडकला. मिसिसिपीतल्या मनी नावाच्या गावात १९५५ सालच्या ऑगस्टात शिकागोहून आलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला दोन गोऱ्यांनी हाल करून मारलं. सगळ्या गोऱ्या पंचांनी त्यांना निर्दोष सोडलं. १९५६ च्या जानेवारीत त्यांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन कबुली छापली, काय वाकडं झालं नाही. एव्हरेटच्या कादंबरीत त्याच गावात त्या खुन्यांची पोरं एकेक करून मेलेली सापडतात, आणि प्रत्येकाशेजारी एका काळ्या माणसाचं प्रेत, एमेटसारखं दिसणारं. ते प्रेत शवागारातून गायब होतं आणि पुढच्या खुनाजवळ परत हजर. आणि हे सगळं चक्क विनोदी! गोऱ्यांची नावं हास्यास्पद, शेरीफ बावळट, मुखवटेवाले क्लॅनवाले म्हणजे नुसते गावगन्ना टोणगे.

"प्रेतावर विनोद?" दोस्त म्हणाला. "आपल्याकडं कोणी असं लिहिलं तर मी त्याचं तंगडं मोडीन."

मी म्हटलं, नीट ऐक, हसू कोणाचं होतंय. पोराच्या प्रेताला कुठंच हसू नाही. हसू होतंय ते पाटलाचं. आणि हे काय आपल्याला नवीन आहे? भीमराव कर्डकांचे जलसे आठवा. लोक सबंध रात्र बसायचे ते काय छाती पिटायला? भटाची, सावकाराची टर उडवायला बसायचे. माझी आजी वाड्यापुढं वाकून बोलायची आणि घरी आल्यावर पाटलिणीची अशी नक्कल करायची की आम्ही पोरं लोळायचो. हसण्याचा अर्ज आम्ही कधी, कोणाकडं केला होता?

पण दोस्त गप्प झाला तो माझ्या बोलण्यानं नव्हे. कादंबरीत मामा झी नावाची शंभरी ओलांडलेली म्हातारी आहे. १९१३ पासून झुंडीनं मारलेल्या प्रत्येक माणसाची फाइल तिनं ठेवलीय. एक अभ्यासक येतो आणि ती नावं पेन्सिलीनं कागदावर लिहीत बसतो. एक प्रकरण म्हणजे नुसती नावं. गोष्ट नाही, विनोद नाही. नावं. वाचणाऱ्यानं ती एका सुरात वाचली, भाषांतर करायला काही नव्हतंच. संपल्यावर, त्या दिवशी परत आलेल्या नर्सताई म्हणाल्या, पुढं म्हणा. सुरेखा. प्रियांका. सुधीर. रोशन. खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. फाशीची जन्मठेप झाली, पण जातीमुळं मारलं हे काय कोर्टाला पटलं नाही. मग रेल्वेवाल्यानं किलवेनमणी सांगितलं, १९६८, चव्वेचाळीस माणसं जाळली, जमीनदार हायकोर्टात सुटले. कॉलेजातल्या पोरानं लक्ष्मणपूर बाथे, १९९७, अठ्ठावन्न. बँकेतल्यानं रमाबाई नगर, तेच साल, पोलिसांच्या गोळ्यांनी दहा. नावं आम्हाला सगळी येत नव्हती. आकडेच येत होते. त्याची लाज वाटली.

'जेम्स'वर थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पेपरांतून खूप आलंय. मार्क ट्वेनच्या हकलबेरी फिनमधला पळालेला गुलाम जिम इथं स्वतः बोलतो. तो शुद्ध इंग्रजी बोलतो, वाचतो. गोऱ्यासमोर मुद्दाम तोडकं-मोडकं बोलायचं, हे तो आपल्या पोरांना बसवून शिकवतो, कारण त्यात जीव वाचतो. त्याच्यासाठी पेन्सिलीचा तुकडा चोरणाऱ्या माणसाला तेवढ्यासाठी झाडाला टांगतात. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, ते उगीच नव्हे. पण मला त्या तोडक्या बोलीवरून आणखी एक आठवतं. मी परळमध्ये वाढलो. 'व्हय जी' मी जन्मात म्हटलं नाही. तरी मला सांगणारे भेटलेत की संवाद जरा बोलीत घ्या, तुमच्या तोंडी ते शोभतं. जिम मार पडू नये म्हणून ती बोली बोलतो. मला छापून यावं म्हणून बोलायला सांगतात.

आता या पत्रिकेच्या संपादक मंडळाला दोन शब्द, कारण फक्त त्यांनाच झोडपलं तर ते सोपं आहे. ती पोस्टमनची गोष्ट मी गेल्या वर्षी तुमच्याकडंही पाठवली होती. तुम्ही परत केली नाही, पण छापलीही नाही. भेटल्यावर एकजण म्हणाला, "चांगली आहे रे, पण यात चळवळ कुठाय?" मला सांगा, धग मागणाऱ्यात आणि चळवळ मागणाऱ्यात गोष्टीच्या बाजूनं फरक काय राहिला? आपला माणूस शनी बघतो, त्याला तो बघू द्यायचा की नाही, एवढाच सवाल आहे.

या लेखासोबत गोष्टीची प्रत पुन्हा जोडतोय. काही बदल केलेला नाही. छापायची तर अख्खी छापा. नाहीतर परत करा, पाकिटाला तिकीट लावलंय.